रायवळची कोय, होडीचं बूड आणि डार्विनची अडचण

हापूसची कोय पेरून हापूस मिळत नाही, हे कोकणात कुणाला सांगावं लागत नाही. उगवतो तो रायवळ. त्यातल्या एखाद्या झाडाचं फळ गोड, एखाद्याचं आंबटढाण, एखाद्यात नुसते धागे, तर एखाद्यात कोयच मोठी आणि गर नावाला. हापूसच हवा असेल तर कलम बांधावं लागतं. रायवळच्या दोन-तीन आठवड्यांच्या रोपाचा शेंडा छाटायचा, खोडाला मधोमध चीर द्यायची, हापूसची तेवढ्याच जाडीची काडी दोन्ही बाजूंनी तासून त्या चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. जाडी जुळली नाही आणि सालीखालचा जिवंत थर थराला भिडला नाही, किंवा पट्टीत पाणी शिरलं, तर काडी काळी पडून मरते. जगली तर वर वाढतो तो जुन्याच हापूसचा पुढचा भाग. खाली मूळ रायवळचं असलं तरी वरच्या फळाची जात बदलत नाही.

उत्क्रांतीचा सिद्धान्त समजायला कोय आणि कलम यांतला हा फरक फार कामाचा आहे. सिद्धान्ताला तीनच गोष्टी लागतात. एकाच जातीचे जीव एकमेकांहून थोडे वेगळे असले पाहिजेत. त्या वेगळेपणातलं काही तरी पुढच्या पिढीत उतरलं पाहिजे. आणि जन्मलेल्यांपैकी कोण जगून पोरं मागे ठेवणार, हे थोडंफार त्या वेगळेपणावर ठरलं पाहिजे. या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे जात पिढ्यांगणिक बदलत जाते. कलमांच्या बागेत पहिलीच गोष्ट नसते, म्हणून हापूस तसाच राहतो. रायवळच्या रोपांत ती भरपूर असते.

निवड माणसाने केली तर काय होतं याचं उदाहरण वेंगुर्ल्यालाच आहे. तिथल्या फळ संशोधन केंद्रात कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून, आलेल्या झाडांतून निवड करत १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. हापूसमध्ये पडतो तसा साका, म्हणजे गरातला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, तिच्यात पडत नाही. पुढे रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून पातळ कोयीची ‘सिंधू’ जात निघाली. डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाची सुरुवातही अशाच माणसाने केलेल्या निवडीपासून होते. त्याचं उदाहरण पाळीव कबुतरांचं होतं. त्याचा पुढचा प्रश्न असा: निवडणारा माणूस नसेल तर निवड कोण करतं?

डार्विनच्या आधी

जीवजाती बदलतात ही कल्पना डार्विनची नव्हे. त्याचे आजोबा इरॅस्मस डार्विन यांनी १७९४ मध्येच तसं लिहिलं होतं. फ्रान्समध्ये कुव्हिए यांनी १७९६ मध्ये हत्तींच्या हाडांची तुलना करून दाखवलं, की काही जाती पृथ्वीवरून कायमच्या नाहीशा झाल्या आहेत. गंमत म्हणजे जाती बदलतात हे मात्र कुव्हिए यांनी कधीच मानलं नाही. १८०९ मध्ये लामार्क यांनी पहिला सबंध सिद्धान्त मांडला: वापराने अवयव वाढतो, न वापरल्याने खुरटतो आणि ही कमाई पोरांना मिळते. लामार्कची आज चेष्टा होते ती अन्यायाची आहे. सगळी सजीवसृष्टी नैसर्गिक कारणांनीच बदलत आली, असं एवढ्या तपशिलात सांगणारा तो पहिलाच. यंत्रणा तेवढी चुकली. कोणी म्हणेल, तिचा पडताळा का घेतला नाही? घेतला, पण फार उशिरा. १८८० च्या दशकात वाइजमान यांनी उंदरांच्या शेपट्या पाच पिढ्या कापल्या; जन्मलेल्या ९०१ पिल्लांपैकी एकाचीही शेपटी जन्मतः खुरटी नव्हती.

चौथा धागा भूगर्भशास्त्राचा. चार्ल्स लायेल यांनी १८३० ते १८३३ या काळात तीन खंडांत मांडलं, की आज दिसणाऱ्या संथ क्रियाच अफाट काळ चालल्या तर डोंगर आणि दऱ्या घडतात. डार्विन बीगल जहाजावर (२७ डिसेंबर १८३१ ते २ ऑक्टोबर १८३६) हे खंड वाचत होता. जहाजावर त्याने सिद्धान्त शोधला नाही. गालापागोसच्या फिंच पक्ष्यांवर कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा, अशा चिठ्ठ्यासुद्धा त्याने नीट लावल्या नव्हत्या. त्या वेगवेगळ्या जाती आहेत हे लंडनमध्ये १८३७ साली पक्षितज्ज्ञ जॉन गुल्ड यांनी त्याला सांगितलं.

कळीचा मुद्दा त्याला १८३८ च्या शरद ऋतूत माल्थस यांचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना सापडला. आपल्या खाडीतल्या चिंबोरीवरून तो लगेच कळतो. एक मादी एका वेळी दहा लाखांच्या घरात अंडी धरते, कधी त्याहूनही जास्त. तरी खाडी चिंबोऱ्यांनी भरून जात नाही. संख्या सरासरीने स्थिर राहायची असेल तर एका मादीच्या आयुष्यभराच्या अंड्यांतून सरासरी दोनच पोरं मोठी होऊन विणीला लागतात. बाकी सगळी मरतात. बहुतेकांचं मरण नुसत्या नशिबाचं असतं. पण सगळ्यांचं तसं नसतं, आणि ज्या थोड्या फरकाने एखादीची शक्यता जरा वाढते तो फरक पुढच्या पिढीत जरा जास्त दिसतो. निवड करणारा कोणी नसताना निवड होते ती अशी.

होडीच्या बुडाला चिकटलेला पुरावा

सूत्र १८३८ मध्ये सापडलं आणि ग्रंथ १८५९ मध्ये आला. मधल्या वर्षांतली आठ, १८४६ ते १८५४, डार्विनने एकाच प्राण्याच्या मागे घालवली: बार्नाकल. पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या की बुडावरून जे टोकदार पांढरं कवच खरवडून काढावं लागतं, ते हेच. ओहोटीला खडकांवर पाय सोलतात तेही यांनीच.

कवच पाहून कोणीही याला शिंपल्या-कालवांच्या कुळातला म्हणेल, आणि १८३० पर्यंत शास्त्रज्ञही तसंच म्हणत होते. त्या वर्षी व्हॉन थॉम्प्सन यांनी बार्नाकलची पिल्लं वाढताना पाहिली. ती पोहणारी, सांध्यांच्या पायांची निघाली, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गोतातली. पिल्लू काही काळ पोहतं, जागा पसंत पडली की डोक्याच्या बाजूने डिंक सोडून कायमचं चिकटतं, भोवती कवच बांधतं आणि पुढे आयुष्यभर पायांनी पाणी ढवळून अन्न आत ओढतं. भरती चढताना खडकातल्या डबक्याशी पाच मिनिटं न हलता बसलात तर कवचाचं झाकण उघडून पिसांसारखे पाय आतबाहेर होताना साध्या डोळ्यांना दिसतात. सावली पडली तर झाकण मिटतं, म्हणून सूर्याकडे पाठ करून बसू नये.

डार्विनने जगभरातून नमुने मागवून सूक्ष्मदर्शकाखाली चिरले. त्यातून त्याला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे फरक. एकाच जातीतले दोन प्राणी कवचात, पायांत, आतल्या अवयवांत इतके वेगळे निघत की जात कुठे संपते आणि पोटजात कुठे सुरू होते हे ठरवताना तो टेकीला येई. सिद्धान्ताची पहिली अट निसर्गात सगळीकडे भरून राहिली आहे, हे त्याला इथे कळलं. दुसरी गोष्ट मधल्या पायऱ्यांची. बहुतेक बार्नाकल उभयलिंगी असतात. पण काहींत उभयलिंगी प्राण्यालाच चिकटलेले चिमुकले नर त्याला सापडले, आणि काहींत सरळ वेगळी मादी आणि तिला चिकटलेले बारके नर. उभयलिंगी अवस्थेपासून वेगळ्या नर-मादीपर्यंत जाताना मध्ये कसं असेल, हा प्रश्न तर्काने सोडवायला लागला नाही. मधल्या पायऱ्या जिवंत समोर होत्या. या आठ वर्षांना वेळ फुकट घालवणं म्हणणारे आहेत. आमच्या मते ग्रंथाची ताकद इथूनच आली.

तरीही तो छापायला कचरत होता. जून १८५८ मध्ये त्याला आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचं पाकीट मिळालं. नमुने गोळा करून विकणारे वॉलेस मलय द्वीपसमूहात फिरत होते. तापाने पडलेले असताना त्यांनाही माल्थस आठवला आणि तेच सूत्र सुचलं. दोघांचं लिखाण १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचलं गेलं. तेव्हा दोघांपैकी कुणीही हजर नव्हतं. २४ नोव्हेंबर १८५९ रोजी डार्विनचा ग्रंथ आला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती १२५०.

सिद्धान्त अडला कुठे

धर्ममंडळींचा विरोध सगळ्यांना ठाऊक असतो. खरा घाव वैज्ञानिकांचा होता. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६२ मध्ये पृथ्वी थंड होण्याच्या गणितावरून तिचं वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांत बसवलं, आणि नंतर आकडा आणखी खाली आणला. संथ निवडीला एवढा वेळ पुरेना. हे कोडं किरणोत्साराच्या शोधानंतर सुटलं. आज पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं धरतात.

दुसरा घाव जास्त खोल होता. १८६७ मध्ये फ्लीमिंग जेंकिन या अभियंत्याने विचारलं: आईबापांचे गुण पोरात मिसळत असतील, तर नवा चांगला गुण टिकणार कसा? कोकमाचं आगळ पेलाभर पाण्यात मिसळलं, त्यातलं अर्धं नव्या पाण्यात, त्यातलं अर्धं पुन्हा नव्या पाण्यात, असं करत गेलं तर दहाव्या खेपेला मूळ आगळाचा १०२४ वा हिस्सा उरतो. गुणाचंही तसंच होईल, आणि निवडीला निवडायला काही राहणारच नाही. त्या काळी सगळेच गुण मिसळतात असं मानत, डार्विनसुद्धा. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. १८६८ मध्ये त्याने एक तर्क मांडला, की शरीराचा प्रत्येक भाग सूक्ष्म कण सोडतो आणि ते बीजात जमा होतात. आतेभाऊ फ्रान्सिस गाल्टन यांनी एका सशाचं रक्त दुसऱ्याला देऊन तो तपासला; पिल्लांत काही फरक पडला नाही.

खरं तर रायवळच्या नुसत्या झाडांकडे बघूनही शंका यावी. गुण मिसळत असते तर इतक्या पिढ्यांत सगळा रायवळ एकाच चवीचा झाला असता.

उत्तर तयार होतं, कोणी वाचत नव्हतं. ब्रनो गावच्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ पासून सात-आठ वर्षं वाटाण्याचे संकर केले आणि १८६५ मध्ये निष्कर्ष वाचून दाखवले. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या झाडांचा संकर केला की पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल. त्या झाडांच्या पुढच्या पिढीत ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. अर्धवट सुरकुतलेला मधला प्रकार आलाच नाही. गुण पातळ होत नाही. एक पिढी लपतो आणि जसाच्या तसा परत येतो. जेंकिनचा आक्षेप इथेच संपतो, पण हा लेख १८६६ मध्ये छापूनही १९०० पर्यंत अडगळीत पडला. तोवर डार्विन (१८८२) आणि मेंडेल (१८८४) दोघेही गेले होते.

आज आंब्यापुरतं हे आकड्यांत सांगता येतं. आंब्याची गुणसूत्रं ४०, म्हणजे २० जोड्या. बीज बनताना प्रत्येक जोडीतलं एकेक उचललं जातं, त्यामुळे एकच झाड १०,४८,५७६ प्रकारचे संच बनवू शकतं, आणि जोडीदारांची आपसातली अदलाबदल यात धरलेलीच नाही. दुसरा अर्धा वाटा माशी ज्या झाडाचे परागकण आणेल त्याचा. हापूसच्या कोयीचा भरवसा नसतो तो यामुळे.

गणित आणि तुडतुडे

मेंडेलचे लेख सापडल्यावर आधी भांडणच लागलं. मेंडेलवाद्यांना वाटे बदल उड्या मारत होतो, डार्विनवाद्यांना वाटे सूक्ष्म पावलांनी. १९१८ मध्ये रोनाल्ड फिशर यांनी दाखवलं की थोडाथोडा परिणाम करणारे अनेक मेंडेली घटक एकत्र आले की उंचीसारखा सलग बदलणारा गुण तयार होतो. दोघेही बरोबर होते. फिशर, सिवॉल राइट आणि जे. बी. एस. हाल्डेन यांनी पुढच्या दशकभरात निवडीचं गणित बांधलं. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

ते गणित आंब्याच्या मोहोरावर करून पाहू. समजा बागेत १ लाख तुडतुडे आहेत आणि त्यांतल्या १० जणांत एका औषधाला दाद न देणारा गुण जन्मतःच आहे. औषध साध्या तुडतुड्यांतले ९९ टक्के मारतं आणि या दहांतला एक. पहिल्या फवारणीनंतर उरतात सुमारे १००० साधे आणि ९ चिवट. बागायतदार खूश. उरलेले वाढून पुन्हा १ लाख झाले की त्यात चिवट असतील ९०० च्या जवळपास. तेच औषध पुन्हा मारलं: साधे ९९०, चिवट ८००. अजूनही बाग साफ दिसते, पण आता उरलेल्यांत जवळजवळ निम्मे चिवट आहेत. पुन्हा १ लाख झाल्यावर तिसरी फवारणी: साधे साडेपाचशे, चिवट ४० हजार. मग औषध भेसळीचं निघालं म्हणून दुकानदाराशी वाद होतो. औषध कदाचित चांगलंच असतं. बागेतले तुडतुडे बदललेले असतात. आकडे इथे सोयीचे घेतले आहेत, क्रम मात्र खराच असा चालतो.

इथे काय करायचं तेही सिद्धान्तच सांगतो. लागोपाठच्या फवारण्यांत रासायनिक गट बदलायचा. ब्रँड बदलणं म्हणजे गट बदलणं नव्हे. डब्यावर बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं ते वाचायचं, कारण वेगळ्या नावांच्या दोन डब्यांत एकच घटक असू शकतो. मात्रा कमी करून फवारलं तर अर्धवट चिवट कीडही वाचते आणि पुढची पायरी सोपी होते. आणि गरज नसताना फवारूच नये: साधे तुडतुडे शिल्लक राहिले तर चिवटांचा जोडा त्यांच्याशी लागतो आणि तो गुण बागेत लवकर पसरत नाही.

औषधामुळे तुडतुड्यांना सवय झाली, असं सर्रास म्हणतात. हा लामार्कच. १९४३ मध्ये लुरिया आणि डेलब्रुक यांनी जिवाणूंवर याचा निकाल लावला. त्यांनी जिवाणू अनेक छोट्या नळ्यांत वेगवेगळे वाढवले आणि शेवटी सगळ्यांना एकाच विषाणूसमोर ठेवलं. विषाणू भेटल्यावर सवय होत असती तर प्रत्येक नळीत साधारण तेवढेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांत एकही वाचला नाही आणि एखाद्या नळीत शंभराच्या वर वाचले. म्हणजे बदल आधीच, कधी लवकर कधी उशिरा, आपसूक झाला होता.

१९५३ मध्ये डीएनएची रचना कळली आणि १९६८ मध्ये मोतू किमुरा यांनी मांडलं, की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, ते नुसत्या योगायोगाने टिकतात किंवा पुसले जातात. निवड हे उत्क्रांतीचं एकमेव कारण नव्हे, हे यातून ठरलं.

खाजणात आणि सड्यावर

डीएनए वाचता यायला लागल्यावर नाती नव्याने तपासली गेली. खाजणातले तिवर आणि चिप्पी पाहा. दोघांचीही श्वासमुळं चिखलातून उभी वर येतात, कारण चिखलात हवा नसते. तिवरची बोटभर बारीक, चिप्पीची जाड आणि टोकाला निमुळती. दोन्ही झाडं एका घरची वाटतात. पण तिवर अडुळसा-कोरांटीच्या कुळातलं आहे, आणि २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरलेली पांढरी चिप्पी मेंदी-डाळिंबाच्या कुळातली. चिखलाने दोघांवर सारखीच निवड लादली आणि वेगळ्या घरच्या झाडांत सारखा अवयव घडला. दिसण्यावरून नातं ठरवू नये ते यासाठी.

पावसात सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओल्या मातीत सापडणारं देवगांडूळ हे गांडूळही नव्हे आणि सापही नव्हे. पाय नसलेला, बेडकाच्या गोतातला उभयचर प्राणी. आपल्याकडच्या काही देवगांडुळांचे जवळचे नातलग सुमारे तीन हजार किलोमीटरवर सेशेल्स बेटांवर आहेत. खारं पाणी याच्या ओल्या कातडीला सोसत नाही, त्यामुळे अरबी समुद्र पोहून जाणं शक्य नाही. पण सेशेल्स आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, आणि सह्याद्रीचा लाव्हा ओतला गेला त्याच सुमारास, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, ते वेगळे झाले. भूखंड सरकतात हे डार्विनला माहीत नव्हतं.

आता निवटी. ओहोटीच्या चिखलात पुढच्या परांवर चालणारी, ओल्या कातडीने आणि तोंडाच्या अस्तराने हवा घेणारी ही मासळी पाहून लोक म्हणतात, जमिनीवर आलेले प्राणी यातूनच झाले. तसं नाही. निवटी काटेरी परांच्या माशांच्या फांदीवरची. चार पायांच्या प्राण्यांची फांदी, मांसल परांच्या माशांची, तिच्यापासून ४० कोटी वर्षांहून आधीच वेगळी झाली. त्या फांदीवरची मधली पायरी शोधायला नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी आधी गणित मांडलं: सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी फक्त मासे दिसतात, ३६ कोटींच्या आसपास पाय असलेले प्राणी, म्हणून ३७-३८ कोटी वर्षांचे, उथळ गोड्या पाण्यात साचलेले खडक हवेत. असे खडक कॅनडाच्या एल्समीर बेटावर होते. काही हंगाम हात हलवत परतल्यावर २००४ मध्ये तिथे टिकटालिक या प्राण्याचे जीवाश्म सापडले: खवले आणि पर माशाचे, पण परात मनगटाची हाडं, आणि डोकं खांद्यापासून सुटं. यातलं शेवटचं घरीही ताडून पाहता येतं. बांगडा साफ करताना कल्ल्यामागचं वाकडं हाड वरपर्यंत तपासा. ते कवटीला जोडलेलं असतं, म्हणून माशाला डोकं वळवायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. निवटीचंही तसंच. टिकटालिकमध्ये ते जोडणारं हाड नाही.